नाटक जुन्या सर्व्हरवरच राहिलं

१८ नोव्हेंबर, मंगळवार. आजचं काम: जुन्या सर्व्हरवर जे चालू आहे ते सगळं, चालू असतानाच, नव्या सर्व्हरवर न्यायचं आणि जुना बंद करायचा. काटा थांबता कामा नये.

गोंदियाच्या बाहेर एका राइस मिलमध्ये मी संगणकांचं काम बघते. आधी बरीच वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये होते. तिथे मुलं माउसमधली गोळी काढून न्यायची, त्या काळापासून. मिलमध्ये या उन्हाळ्यात लागले. फुलचूरहून स्कुटीवर येते, दुपारी डबा खाते, संध्याकाळी परत जाते. कामाची जागा म्हणजे पूर्वी बारदाना ठेवायची खोली. तिला आता एसी लावलाय, पण पोत्यांचा वास गेलेला नाही. खोलीला एकच खिडकी आहे आणि ती थेट धरमकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर, उघडते, म्हणून मला ट्रॅक्टर, शिव्या आणि धानाची धूळ तिन्ही बसल्या जागी मिळतात.

जुन्या सर्व्हरच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक दिवाळीत गेला. दुसरा तेव्हापासून कुत्र्याच्या पिल्लासारखा कुंईकुंई करत होता. नवा सर्व्हर येऊन दोन दिवस झाले होते. तो बसवून, तपासून मी तयार होते. शेठ दारात उभे होते.

"मॅडम, काटा बंद नहीं होना चाहिए. सीझन है. रोड तक ट्रॅक्टर लगे हैं."

"नाही होणार बंद."

"और कुछ उल्टा-सीधा हुआ तो?"

"झालंच तर दुपारी झालेलं बरं. माणसं जागी असतात."

"रात को कर लो ना आराम से."

"रात्री मी झोपते, शेठ. आणि हा रात्रीपर्यंत टिकणार का, ते त्यालाच विचारा."

शेठनी कान जुन्या सर्व्हरकडे केला. पिल्लू रडत होतं. "करो, करो," म्हणाले, पण गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

आता हे चालू असताना नेणं म्हणजे काय, ते सांगते. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक संगणक असल्यासारखे चालवता येतात. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. आम्ही त्यांना व्हीएम म्हणतो. असा एक व्हीएम बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून ठेवता येतो. त्याच्या मेमरीत जे जे आहे त्याची नक्कल तिकडे पाठवायला सुरुवात करायची. पाठवता पाठवता तो इकडे काम करतच असतो, म्हणून पाठवलेलं थोडं जुनं होतं. जेवढं बदललं तेवढं पुन्हा पाठवायचं. असं करत करत अगदी थोडं उरलं, की क्षणभर त्याला थांबवायचं, उरलेलं पाठवायचं आणि तिकडे सुरू करायचं. त्याला कळतही नाही की घर बदललं. चुलीवर भात शिजत असताना बिऱ्हाड हलवायचं आणि भात करपू द्यायचा नाही, असं हे काम आहे.

अडचण येते ती सामाईक मेमरीची. दोन व्हीएमना एकमेकांशी फार वेगाने बोलायचं असेल, तर मेमरीचा एक तुकडा दोघांत मिळून ठेवतात. दोन जावांचा एक डबा असतो तसा. आता थोरली बिऱ्हाड हलवायला निघाली. आपण कुठे काय बदललं ते तिला ठाऊक असतं, म्हणून तेवढं ती पुन्हा बांधते. पण मधल्या वेळात धाकटीने डब्यात काय घातलं आणि काय काढलं ते तिला कसं कळणार? म्हणून नियम सरळ आहे. डबा कोणाच्या नावावर ते आधी ठरवायचं. बाकीच्यांनी डब्यातून हात काढायचे. मालकीण डबा घेऊन नव्या घरी जाणार, मग बाकीच्यांनी तिकडे जाऊन पुन्हा हात घालायचे.

आमच्याकडे त्या डब्यात काय होतं, तर अर्धी वजनं.

काट्यावर ट्रॅक्टर दोनदा चढतो. भरलेला एकदा, मग आत जाऊन धान खाली करून रिकामा पुन्हा एकदा. दोन्हीतला फरक म्हणजे धानाचं वजन. आमच्या मिलचा जुना दंडक असा, की भरलेलं वजन कागदावर द्यायचं नाही. पूर्वी द्यायचे. मग लोक तो अर्धा कागद घेऊन शेजारच्या मिलमध्ये भाव करायला जात आणि इकडे ट्रॅक्टर वाट अडवून उभा. तेव्हापासून ट्रॅक्टर रिकामा होऊन परत येईपर्यंत भरलेलं वजन कुठेही लिहायचं नाही, असं ठरलं. माझ्या आधी हे सगळं ज्याने बसवलं त्याने दंडक शब्दशः पाळला. अर्धं वजन कागदावर नाही आणि डिस्कवरही नाही. ते फक्त त्या सामाईक मेमरीत. म्हणजे आवारात जेवढे ट्रॅक्टर धान ओतून उभे असतील, त्यांची वजनं तेवढ्या एका डब्यात. धान तर केव्हाच मोठ्या ढिगात मिसळलेलं. डबा सांडला तर कोणाचं किती, हे देवही सांगू शकणार नाही.

म्हणून मी आदल्या दिवशीच काटेवाल्या भाऊंना विचारून घेतलं होतं. काट्यावर बसणारे हे गृहस्थ दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांतून राजाचं नाहीतर खलनायकाचं काम करतात. आवाज असा की कोंबडी अंडं द्यायची थांबेल.

"भाऊ, काट्याच्या आकड्याला कोणकोणतं यंत्र जोडलेलं आहे?"

"दोनच जी. एक काटा आन् एक भायेरचा आकड्याचा बोर्ड."

"नक्की?"

"तिसरं कोन राहीन? बाकी सगडं मीच पाह्यतो."

शेठनाही विचारलं. तेही म्हणाले दोन. हमालांच्या मुकादमाने न विचारता सांगितलं, दोन.

सर्व्हरवर मात्र आणखी एक छोटा व्हीएम दिसत होता. त्याचं नाव 'नाटक'. मी म्हटलं, भाऊंनी आपल्या नाटकांची रेकॉर्डिंग ठेवली असतील. मिलच्या सर्व्हरवर लोकांनी काय काय ठेवलेलं असतं, ते मला पाठ आहे. एका व्हीएममध्ये तर लग्नाचा अख्खा अल्बम सापडला होता. नाटक शेवटी बघू, नाही जमलं तर सोडून देऊ, असं ठरवून मी ते उघडलंच नाही.

दुपारी भाऊंनी जेवणाचा डबा काढला आणि काट्याची साखळी लावली. मी हाच वेळ धरला होता. काटा बंद म्हणजे नवं वजन येणार नाही, डब्यात कोणी काही घालणार नाही. बोर्डाचा हात डब्यातून काढला. काट्याचा व्हीएम डब्यासकट नव्या सर्व्हरवर पाठवला. आकडे सरसर गेले. मग बोर्ड पाठवला, तिकडे त्याचा हात पुन्हा डब्यात घातला. बाहेरचा बोर्ड क्षणभर काळा झाला आणि परत उजळला. शेठनी विचारलं, "कब शुरू करोगे?"

"झालं."

"हो गया?"

"हो."

त्यांचा थोडा विरसच झाला. एवढा वेळ खुर्ची ओढून बसलेल्या माणसाला काहीतरी दिसायला हवं होतं. "तो फिर इसको बंद करो, सर दुख रहा है," जुन्या सर्व्हरकडे हात करून म्हणाले.

भाऊंचं जेवण आटोपलं, साखळी निघाली. खिडकीतून भोंग्याचा आवाज आला. भोंग्यावर ट्रॅक्टर गावाच्या नावाने बोलावतात, ते भाऊंच्याच आवाजात: "चिचगड! लाल ट्रॅक्टर! काट्यावर या जी!" दरबारात आरोपी बोलावल्यासारखं. रोजचंच होतं. मी जुन्या सर्व्हरच्या बटणाकडे हात नेला आणि खिडकीबाहेर काट्यापाशी बोलणं ऐकू आलं.

"चिचगड नाई दिसून राहिलं जी इथं," भाऊ म्हणत होते.

"नाई दिसत म्हंजे? मी दिसून राहिली ना!" हा आवाज बाईचा.

"तुमी दिसता जी. यंत्रात नाई दिसत."

"आताच तं भोंग्यात बोलावलं तुमी."

"मी नाई बोलावलं."

"मंग आवाज कोनाचा होता?"

भाऊंनी हाताने तोंड पुसलं. "माझाच होता."

हमाल हसले. मागच्या ट्रॅक्टरवरून कोणीतरी ओरडलं, "राजेसाहेब, कालच्या प्रयोगाची उतरली नाई का अजून?"

मला हसू आलं नाही. हात बटणापासून बाजूला घेतला. भाऊ तर आत्तापर्यंत जेवत होते आणि त्यांच्यासमोर माइक नाही. मग भोंग्यावर बोलतंय कोण? आणि नव्या मेमरीत नसलेलं चिचगड त्या भोंग्याला कुठून कळलं?

"शेठ, बटणाला हात लावू नका."

"मैंने लगाया ही नहीं."

"लावायच्या आधीच सांगते आहे."

खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भाऊ, भोंग्यात तुम्ही बोलत नाही?"

"नाई जी. एकदा बोलून देल्लं, आता तेच बोलते."

"ते म्हणजे कोण?"

"नाटक."

"अहो, मी काल विचारलं तर तुम्ही दोन म्हणालात!"

"नाटक कोनतं यंत्र आहे मॅडम? तो तं मीच आहो."

सगळ्या मिलने तेच धरलं होतं. भोंगा म्हणजे भाऊ, आणि भाऊ म्हणजे काही संगणक नव्हे. म्हणून कोणी मोजलाच नाही.

'नाटक' उघडून बघितलं. त्याचाही हात त्याच सामाईक मेमरीत. तो नुसता वाचणारा असता तरी चाललं असतं. हा लिहिणाराही होता. ज्या ट्रॅक्टरला हाक मारली त्याची ओळ वरून काढून शेवटी ठेवायची आणि बाकीच्या एकेक वर सरकवायच्या, असं हा दिवसभर, काट्याला साखळी लावलेली असतानाही, करत बसतो. मी डबा हलवत असताना याचा हात डब्यातच होता. वरच्या काही ओळींची नक्कल तिकडे गेली, तेवढ्यात याने एकाला हाक मारली. वरची ओळ खाली गेली, बाकीच्या वर सरकल्या, आणि पाठवणारा जिथे थांबला होता तिथून पुढे निघाला. मधली एक ओळ वर सरकून पाठवून झालेल्या जागेत गेली, ती सुटली. खाली गेलेली दोनदा गेली.

दोनदा कोणाची, ते लगेच कळलं. बाहेरून एक दादा ओरडले, "आमगावचे दोन ट्रॅक्टर दाखवून राहिला बोर्ड! मी एकच आनला. पन तुमी दोन देता तं मी नाई म्हनत नाई."

सुटली होती ती चिचगडची.

ती बाई एव्हाना खोलीच्या दारात आली होती. माझ्याच वयाची, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चप्पल हातात. आत यायला कोणी हो म्हटलं नव्हतं, आणि तिला ते विचारायचंही नव्हतं.

"ताई, माझं वजन कुठी गेलं?"

"शोधते आहे."

"सापडन का?"

"सापडायला हवं. तुमचं धान खाली झालं?"

"सगडं. अख्ख्या वर्षाचं. एकाच खेपेत आनलं, भाड्याचा ट्रॅक्टर आहे." तिने खिडकीतून धानाच्या ढिगाकडे बोट केलं. डोंगराएवढ्या ढिगावर हमाल चढले होते. "त्यात गेलं. आता तुमच्या त्या डब्यात नसन तं मी काय, दाने निवडत बसू?"

शेठ मधे पडले. माणूस वाईट नाही, पण घाईचा. "अरे बाई, घबराओ मत. ट्रॉली तो ट्रॉली है. अंदाज लगा देते हैं. जितना सबका आता है उतना."

"सबका?" ती शेठकडे वळली. "शेठजी, बाकीच्यांच्या ट्रॉल्या तुमी पाह्यल्या, माझी पाह्यली का? बाजूनं उंच फाळके लावून, वरून दोर बांधून आनली. तुमच्या फाटकात अडकली व्हती. अंदाज घरी सांगा, भाजीत मीठ टाकाले."

"अंदाज लावायचा नाही, शेठ," मीही म्हटलं. "एकीला लावला की उद्या सगळे मागतील. आणि यंत्रावरचा विश्वास गेला की काट्याला काही अर्थ नाही."

शेठ उठले नाहीत. खुर्चीतच बसले, पण पुढे सरकून.

जुन्या सर्व्हरवरची ती मेमरी अजून शाबूत होती. मालकीण बिऱ्हाड घेऊन गेली तरी जुन्या घरात डबा तसाच होता आणि नाटक त्यातच हात घालून बसलं होतं. म्हणूनच त्याला चिचगड आठवत होतं. त्या अख्ख्या मिलमध्ये आता त्या बाईचं वजन एका ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण कुंईकुंई करत होतं. आवाज सकाळपेक्षा बारीक झाला होता. मला बारीक आवाज आवडत नाही. पंखा असो की माणूस, आवाज बारीक झाला की काहीतरी तुटायला आलेलं असतं.

पहिलं काम म्हणजे नाटकाला थांबवणं. बंद करायचं नाही, नुसतं आहे तिथे गोठवायचं. बंद केलं तर डब्याला धरून असलेला शेवटचा हात सुटतो आणि मग सर्व्हर ती जागा मोकळी करतो की ठेवतो, याची परीक्षा मला त्या दुपारी घ्यायची नव्हती. थांबवायची आज्ञा दिली. बाहेर भोंगा "आमगा" म्हणून गप्प झाला.

"भाऊ," मी खिडकीतून ओरडले, "मी सांगेपर्यंत काट्याच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही."

भाऊंनी दोन्ही हात वर केले. राजा शरण आला. रांगेतून टाळ्या पडल्या.

मग जुन्या मेमरीची नक्कल घेतली, एक नव्या सर्व्हरवर आणि एक पेन ड्राइव्हवर. हे वाचायला सोपं वाटतं. करताना मी कुंईकुंई ऐकत होते आणि ती बाई माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. तिने विचारलं, "हे निळं निळं पुढे सरकून राहिलं ते काय आहे?"

"तुमचं वजन इकडे येतंय."

"फार हळू येऊन राहिलं."

"हळूच यायला हवं. मघाशी घाईतच सांडलं."

निळी पट्टी पूर्ण झाली. तिला सांगितलं, आता हा सर्व्हर मेला तरी चालेल. ती म्हणाली, "मरू द्या तं मंग," आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा खाली बसली, कोपऱ्यात उरलेल्या पोत्यांच्या थप्पीवर.

दोन्ही नकला शेजारी शेजारी उघडून ओळ ओळ ताडून पाहिल्या. बाकी सगळे ट्रॅक्टर दोन्हीकडे होते, आकडे जुळत होते. जुन्यात चिचगडची ओळ होती, नव्यात नव्हती. नव्यात आमगाव दोनदा होतं. पण सापडलेली ओळ नक्की हिचीच, आणि तिचा आकडा अर्धवट लिहिलेला नाही, हे कशावरून? आकडा तर कोणताही खरा दिसतो.

इथे आमच्या काट्याची एक रीत कामी आली. धानाबरोबर घरची माणसं येतात आणि ट्रॉलीवरच बसून असतात. त्यांना उतरवायला गेलं की भांडणं होतात, म्हातारी माणसं उतरत नाहीत. म्हणून भाऊ त्यांना उतरवत नाहीत. भरलेल्या वजनाला जेवढी माणसं बसली असतील, तेवढीच आणि तीच माणसं रिकाम्या वजनाला बसायला हवीत. माणसांचा आकडा वजनाबरोबरच नोंदला जातो.

"बाई, सकाळी वजनाला ट्रॅक्टरवर किती जण होतात?"

तिने बोटं मोजली. "डायवर. मी. माझी सासू, तिले शहरात डोळे दाखवाचे आहेत म्हनून. आन् माझा दीर. चार."

ओळीत चार होते. तिच्यामागच्या ओळीत दोन आणि पुढच्यात एक. ओळी उघडल्यापासून तिने सांगेपर्यंत मी तिला पडदा दिसू दिला नव्हता, उगाच ओळ वाचून सांगितलं असं व्हायला नको.

"चारच आहेत," मी म्हटलं. "वजन सापडलं."

तिने मान हलवली, हसली वगैरे नाही. शेठ मात्र उभे राहिले आणि कोणाशी हात मिळवावा हे न कळून स्वतःचेच दोन्ही हात एकमेकांत मिळवले.

काट्याचा व्हीएम क्षणभर थांबवून मी चिचगडची ओळ नव्या डब्यात तिच्या जागी ठेवली, आमगावचं जादा काढलं आणि सुरू केलं. बाहेरून दादांचा आवाज आला, "माझा एक ट्रॅक्टर नेला जी कोनी!" काटेवाले भाऊ म्हणाले, "होताच कवा?"

लाल ट्रॅक्टर काट्यावर चढला. डायवर होता, सासू ट्रॉलीत शाल पांघरून बसली होती, बाई चढली. दीर नव्हता.

"भाऊजी कुठी गेले?" बाईने सासूला विचारलं.

"समोसा खाले," सासू म्हणाली. "मले नाई आनला."

माणसं तीच हवीत, हा काट्याचा नियम. आणि भोंगा तर मी गोठवून ठेवलेला. भाऊ बाहेर आले, कमरेवर हात ठेवले आणि यंत्राशिवाय हाक मारली. ती हाक मी शब्दांत लिहू शकत नाही. रस्त्यापलीकडच्या टपरीतून एक माणूस हातात समोसा घेऊन पळत आला. ट्रॉलीत चढला तेव्हा भाऊ म्हणाले, "समोसा खाली ठेवा जी. सकारी नव्हता."

"अर्धा तं पोटात गेला!"

"पोटातला माफ."

वजन झालं, चिठ्ठी निघाली. बाईने ती उभ्या उभ्या वाचली, मग दिराला वाचायला लावली, मग सासूलाही दाखवली, जिला डोळे दाखवायचे होते. मग खिडकीशी आली.

"बराबर आहे. मी घरी पायल्या मोजून आनलं व्हतं, तेवढंच निघालं."

"मग आधी का नाही सांगितलंत? शेठ अंदाज लावत होते तेव्हाच सांगायचं."

"सांगितलं असतं तं त्यायनं म्हटलं असतं, बाई घरून वाढवून आली. तुमचं यंत्र आधी बोललं ते बरं झालं." आणि जाता जाता, "ताई, त्या नाटकाले तुमच्या मोजनीत घ्या एकदा."

"घेतलं."

ट्रॅक्टर फाटकातून निघाला. रिकाम्याला फाटक पुरलं.

उरलेलं काम सरळ होतं. नाटकाचा हात जुन्या डब्यातून काढला, त्याला नव्या सर्व्हरवर नेलं आणि नव्या डब्याशी जोडून गोठवलेलं मोकळं केलं. भोंगा "व!" म्हणून जागा झाला आणि पुढे बोलू लागला. तुटलेलं आमगाव त्याने पुरं केलं. रांगेतले लोक हसले. भाऊंना मात्र ते आवडलं नाही, कारण शब्द असा तोडणारा नट झाडीपट्टीत उभा राहत नाही.

मग मी जुना सर्व्हर बंद केला. खोलीत एकदम एवढी शांतता झाली की एसीचा आवाज नवा वाटला. सवयीप्रमाणे पुन्हा सुरू होतो का ते पाहण्यासाठी बटण दाबलं. झाला नाही. दुसऱ्यांदा दाबलं, तरी नाही. शेठ बघत होते. "मॅडम, ये अगर दोपहर में..." एवढंच म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"फिर उस बाई का..."

"हो, शेठ."

त्यांनी जुन्या सर्व्हरवर हात ठेवून पाहिला. मग स्वतःच म्हणाले, की अर्धं वजन कागदावर द्यायचं नाही हा दंडक आहे, पण डिस्क काही कागद नाही. मी म्हटलं, हे मी तुम्हाला सांगणारच होते. ते म्हणाले, "मैंने पहले बोला." बोलू दिलं. ज्याच्या तोंडून हुकूम निघतो त्याला तो स्वतःचा वाटला की काम लवकर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. ट्रॅक्टर आत यायला वेळ होता. भरलेलं वजन काट्यावर चढताक्षणी डिस्कवर उतरेल आणि रिकामं वजन झालं की पुसलं जाईल, अशी सोय केली. नाटकाचा लिहायचा अधिकार काढून घेतला. आता तो फक्त वाचेल आणि ओरडेल, रांग काटा सांभाळेल. मग तपासणी. दुसरं वाहन नव्हतं, म्हणून स्कुटीसकट मीच काट्यावर चढले. भाऊंनी वजन घेतलं. मी आत जाऊन काट्याचा व्हीएम सरळ बंद पाडला, अजिबात सांगून-सवरून नाही, वीज जाते तसा. पुन्हा सुरू केला. अर्धं वजन जागेवर होतं. मग स्कुटी काट्यावरच ठेवून मी काट्याच्या बाहेर उभी राहिले आणि भाऊंना म्हटलं, घ्या रिकामं. माणसांचा नियम आज माझ्यापुरता मोडा. चिठ्ठी निघाली. तिच्यावर माझं वजन होतं, काटा दहा-दहा किलोंच्या ठोकळ्यात बोलतो तसं, आणि ठोकळा वरच्या बाजूचा.

भाऊंनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि भोंग्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली, फाडली आणि साखळी काढायला सांगितली. पहिला ट्रॅक्टर फाटकात आला होता.